ऊन, पाणी आणि विसणाचं गणित

दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर लिहितो. किराण्याची यादी डब्याखाली जपून ठेवतो. भिशीचा हप्ता, सिलिंडर लावल्याची तारीख, मुलांची फी, सगळं तोंडपाठ असतं. पण रोज सकाळी घरात किती पाणी तापतं आणि त्याला किती खर्च येतो असं विचारलं, तर बहुतेक जणी गप्प होतात. कारण गरम पाण्याचं वेगळं बिल येतच नाही. ते विजेच्या बिलात लपतं, चार दिवस आधी संपणाऱ्या सिलिंडरमध्ये लपतं, नाही तर सरपणाच्या मोळीत आणि डोळ्यांत जाणाऱ्या धुरात लपतं.

मैत्रिणींनो, आपल्या भाषेत ‘ऊन’ हा एकच शब्द सूर्याच्या प्रकाशालाही आहे आणि गरम वस्तूलाही. ऊन पाणी, ऊन ऊन भात. आपल्या आज्या तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी अंगणात उन्हात ठेवायच्या आणि कोपर बुडवून अंदाज घ्यायच्या. आज तेच ऊन गच्चीवरच्या सोलरमध्ये येऊन बसलंय. फरक इतकाच, की अंगणातल्या घंगाळाला पैसे पडत नव्हते आणि सोलरला हजारो रुपये पडतात. मग एवढे पैसे घालताना नुसता कोपराचा अंदाज कसा चालेल? हिशेब हवाच. आणि तो हिशेब पाचवीच्या गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही, हे आज सांगायचं आहे.

आधी माप समजून घेऊ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. आहाराच्या सदरात आपण ज्या ‘कॅलरी’ वाचतो, त्या खरं तर याच किलोकॅलरी. म्हणजे माप ओळखीचंच आहे. सूत्र एवढंच: जितके लिटर, गुणिले जितके अंश तापवायचं, तितक्या किलोकॅलरी. आणि विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. हा ८६० चा आकडा तेवढा फ्रीजवर चिकटवून ठेवा.

आता एका अंघोळीचा हिशेब. हिवाळ्यात नळाचं पाणी साधारण २० अंश धरू. अंगाला सोसेल असं पाणी ४० अंशांच्या आसपास असतं. मोठी बादली २० लिटरची. म्हणजे २० लिटर, गुणिले २० अंश, झाल्या ४०० किलोकॅलरी. घरात माणसं चार, तर रोजच्या १,६००. त्याला ८६० ने भागलं की जवळजवळ १.९ युनिट वीज. गीझर तासन् तास चालू राहिला तर त्याची टाकी निवते आणि पुन्हा तापते, ती वीज वेगळीच. शिवाय घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढचा दर चढा असतो. महिन्याला गीझरची पन्नास-साठ युनिटं वाढली, की ती नेमकी या महाग टप्प्यात जाऊन पडतात.

तेच पाणी गॅसवर तापवलं तर? घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅसमध्ये साधारण ११,००० किलोकॅलरी, म्हणजे अख्ख्या सिलिंडरमध्ये दीड लाखाच्या वर. पण पातेल्याच्या कडेने बरीच उष्णता निसटते. शंभरातली साठ पाण्याला मिळाली असं धरलं, तर हाती सुमारे ९३,००० उरतात. त्याला रोजच्या १,६०० ने भागा, ५८ दिवस येतात. म्हणजे चार माणसांच्या नुसत्या अंघोळीला दोन महिन्यांत एक सिलिंडर, वर्षाला सहा! ‘आमच्याकडे सिलिंडर पुरतच नाही’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणींचं उत्तर या भागाकारात आहे.

आणि चूल? वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी असतात. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीत त्यातला जेमतेम दहावा भाग भांड्यापर्यंत पोचतो. बाकी सगळं धूर, राख आणि स्वयंपाकघराची भिंत. म्हणजे एक किलो लाकूड जाळलं की एक बादली पाणी तापतं. रोज चार अंघोळी म्हणजे चार किलो लाकूड, वर्षाला जवळजवळ दीड टन. हे दीड टन कुणाच्या तरी डोक्यावरून घरी येतं. ते डोकं कुणाचं असतं, हे मी सांगायला नको.

आता दुसरी बाजू. ऊन किती मिळतं? एक मीटर पन्ह्याचं एक मीटर कापड गच्चीवर पसरा. तो झाला एक चौरस मीटर. भर दुपारी, आकाश स्वच्छ असताना त्या कापडावर सूर्य तासाला सुमारे एक युनिट उष्णता ओततो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन, दुपारचं उभं ऊन, सगळं मिळून आपल्या महाराष्ट्रात दिवसाला सरासरी पाचेक युनिटं होतात. पाच गुणिले ८६०, म्हणजे ४,३०० किलोकॅलरी. फुकट, दारात, कापडाएवढ्या जागेत.

पण ही सगळी पाण्यात उतरत नाही. काही काचेवरूनच परत जाते, काही तापलेल्या पत्र्यातून आणि पाइपातून वाऱ्यावर जाते, काही रात्रभर टाकीतून झिरपते. चांगल्या यंत्रात साधारण निम्मी हाती लागते असं धरून चालावं. म्हणजे चौरस मीटरला रोजच्या २,१५०.

सोलरच्या सपाट काचेच्या पेटीत १०० लिटरमागे साधारण २ चौरस मीटरचा पृष्ठभाग देतात. का, ते आता आपलं आपल्याला कळतं. दोन मीटरांच्या झाल्या ४,३००. त्या १०० लिटर पाण्यात वाटल्या, तर पाणी ४३ अंशांनी तापतं. २० चं ६३ होतं. कंपन्या ‘६० डिग्री पाणी’ म्हणतात, ते इथून येतं.

६० अंशांचं पाणी अंगावर घेता येत नाही. त्यात आपण विसण घालतो. इथे मला विसणाचं फार कौतुक वाटतं. ६० अंशांच्या एका तांब्यात २० अंशांचा एक तांब्या मिसळला की दोन तांबे ४० अंशांचं पाणी. म्हणजे १०० लिटरच्या सोलरमधून अंघोळीचं पाणी मिळतं २०० लिटर, दहा मोठ्या बादल्या. चार-पाच माणसांच्या घराला अंघोळ, भांडी, बाळाचे कपडे सगळं धरून ते पुरतं.

हा हिशेब मी हौसेने शिकले नाही, गरजेने शिकले. आमच्या तालुक्याच्या गावात मुलींचं एक वसतिगृह आहे. वाड्या-वस्त्यांवरच्या पाचवी ते दहावीच्या चाळीस मुली तिथे राहतात. आमचं महिला मंडळ तिथे अधूनमधून मदत करतं. थंडीत स्वयंपाकाच्या मावशी पहाटे तीनला उठून चूल पेटवायच्या. चाळीस मुलींना प्रत्येकी १५ लिटरची बादली म्हटली, तरी ६०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायचं. झाल्या १२,००० किलोकॅलरी. वरच्याच हिशेबाने रोजचं तीस किलो लाकूड! ते आणायला रविवारी मोठ्या मुली माळावर जायच्या. दहावीचं वर्ष असलं तरी. मावशींचा खोकला तर बाराही महिने.

एका देणगीदाराने सोलरसाठी रक्कम देऊ केली. दोन विक्रेते आले. एक म्हणाला, २०० लिटरचा बसवा, चाळीस मुलींना आरामात होईल. दुसरा म्हणाला, ५०० शिवाय भागणारच नाही. दोघेही बोलत होते ते समितीतल्या पुरुषांशी. आम्ही प्रश्न विचारला, की उत्तर मिळे, ‘ते टेक्निकल आहे ताई.’

माझं शिक्षण कला शाखेचं, मराठी आणि इतिहास विषय घेऊन. पण सोळा जणींच्या बचत गटाचं व्याज मी दर महिन्याला काढते, त्याला कुणी टेक्निकल म्हणत नाही! आम्ही चौघी हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंकडे गेलो. त्यांनी वर दिलेलं सूत्र फळ्यावर मांडलं आणि म्हणाल्या, ‘माझ्यावरही विश्वास ठेवू नका, करून बघा.’ प्रयोगशाळेतला १०० अंशांपर्यंतचा थर्मामीटर त्यांनी दिला.

प्रयोग अगदी घरगुती होता. ४० सेंटिमीटर रुंदीची जुनी परात, आतून काळा रंग दिलेली. खाली गोणपाट, वर काच. अशा परातीचं तोंड म्हणजे एका चौरस मीटरचा आठवा हिस्सा. मार्च महिना होता. बारा ते एक, तासभर दोन लिटर पाणी उन्हात ठेवलं. २६ अंशांचं पाणी ४९ झालं. दोन लिटर गुणिले २३ अंश, म्हणजे ४६ किलोकॅलरी. ऊन पडलं असेल ८६० चा आठवा भाग, सुमारे १०७. म्हणजे निम्म्याला थोडं कमी हाती लागलं. परातीने एवढं दिलं, तर घट्ट काचेच्या पेटीने निम्मं द्यावं, हे पटलं. वसतिगृहाच्या मुली भोवती उभ्या होत्या. त्यांच्या वहीत हे आकडे आजही आहेत.

मग आम्ही समितीच्या बैठकीत कागद मांडला. २०० लिटरचा सोलर म्हणजे ४ चौरस मीटर. त्याचे रोजचे ८,६००. भागिले २०, म्हणजे ४३० लिटर ऊन पाणी. भागिले १५, तर मुली होतात २८. उरलेल्या बारा मुलींनी काय करायचं? आणि त्या बारा कोण असतील, हे वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. रांगेत मागे ढकलल्या जाणाऱ्या पाचवी-सहावीच्या लहान मुली.

विक्रेता म्हणाला, ‘आमचं पाणी ८० डिग्रीपर्यंत जातं. विसण जास्त बसतं.’ ठीक आहे, तेही तपासू. २०० लिटर पाणी २० वरून ८० वर न्यायचं तर १२,००० किलोकॅलरी हव्यात. चार मीटरवर पडणारं सगळं ऊन १७,२००. म्हणजे शंभरातले सत्तर भाग पाण्यात उतरले पाहिजेत. पाणी जितकं कढत, तितकं ते लवकर निवतं, हे आपल्याला ताटातल्या आमटीनेच शिकवलंय. मग थंडीच्या दिवसात सत्तर भाग कसे उतरणार? त्यांचे ८० अंश पूर्ण खोटे नव्हते. मे महिन्यात नळाचंच पाणी तीस अंशांचं असतं आणि दोन दिवस कुणी ते वापरलं नाही, तर टाकीत पाणी ८० च्या घरात जातं. पण मे महिन्यात वसतिगृहाला सुट्टी असते!

दुसऱ्याचे ५०० लिटर म्हणजे १० चौरस मीटर, ७१ मुलींचं पाणी. तेही नको होतं. ३०० लिटरला ६ मीटर, १२,९०० किलोकॅलरी, ४३ मुली. हा आकडा बसला. थोडी शिल्लकही राहिली. वाचलेल्या पैशांतून न्हाणीघरांच्या दारांना आतून कड्या बसवल्या आणि पाइपांना जाड वेष्टण घातलं. कड्यांची मागणी मुलींनी दोन वर्षांपासून केली होती.

आता थंडीत स्वच्छ उन्हाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे टाकीतलं पाणी साधारण ६० अंशांना असतं. ढगाळ दिवसानंतर ४५ वर येतं, तेव्हा चूल पेटते. आठवीच्या मुली रोज मोजून लिहितात. मावशी आता साडेपाचला उठतात. रविवारी माळावर कुणी गेलंच, तर बोरं खायला जातं.

आता घरी सोलर घेणाऱ्या मैत्रिणींसाठी काही गोष्टी.

पहिली गोष्ट बचतीची. ‘वर्षाला १,५०० युनिट वाचतात’ असं सांगितलं जातं. हिशेब बघा. १०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला ४,००० किलोकॅलरी, म्हणजे ४.६५ युनिट. उन्हाचे ३२० दिवस धरले, तर १,४८८. आकडा बरोबर आहे! पण तो कुणासाठी? जे घर रोज दहाच्या दहा बादल्या वापरतं त्यांच्यासाठी. चार बादल्या वापरणाऱ्या घरात रोजची १.८६ युनिटंच वाचतात. वर्षातले ३०० दिवस गरम पाणी लागलं, तर ५५८. युनिटला समजा ८ रुपये दर धरला, तर ४,४६४ रुपये. सोलरला समजा २५,००० पडले, तर साडेपाच वर्षांत वसूल. तुमच्या बिलावरचा दर आणि तुमच्या गावातला भाव घाला, उत्तर तुमचं येईल. बचत उन्हावर नाही, वापरावर ठरते.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. दाट ढगाळ दिवशी पाचाऐवजी दोनच युनिटं ऊन मिळालं, तर १०० लिटर पाणी सतराच अंशांनी तापतं. २५ चं ४२ होतं. अंघोळ होते, पण विसणाला जागा उरत नाही. दहाऐवजी पाचच बादल्या. म्हणून सोलर आला तरी गीझर किंवा बंब लगेच भंगारात काढू नका.

तिसरी गोष्ट जागेची. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, त्यामुळे थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पेटीचं तोंड दक्षिणेला आणि पेटी कलती हवी, म्हणजे गरज असते तेव्हाच ऊन सरळ पडतं. पाण्याच्या टाकीची, शेजारच्या मजल्याची, नारळाची सावली डिसेंबरात कुठे येते ते आधी बघा. मे महिन्यात बघून उपयोग नाही, सावली तेव्हा आखूड असते.

चौथी गोष्ट पाइपाची. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत अर्ध्या इंची पाइप २० मीटर असेल, तर त्यात अडीच-तीन लिटर पाणी असतं. नळ सोडल्यावर आधी ते गार पाणी येणार. ते ओतून देऊ नका, बादलीत धरा. तेच विसण!

पाचवी गोष्ट पाण्याची. बोअरचं पाणी जड असेल, डाळ शिजायला वेळ लागत असेल, पातेल्याला पांढरा थर धरत असेल, तर तोच थर सोलरच्या बारीक तांब्याच्या नळ्यांतही धरणार. विक्रेत्याला ते आधी सांगा आणि त्यावर तो काय उपाय देतो ते लिहून घ्या.

सहावी गोष्ट नावाच्या गोंधळाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचं अनुदान वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाही. दोन्हींना आपण ‘सोलर’च म्हणतो. त्यामुळे कुणी या योजनेचं नाव सांगून पाण्याचा सोलर विकत असेल, तर सावध व्हा.

हे यंत्र काही काल-परवाचं नाही. स्वित्झर्लंडच्या होरास द सोस्यूर यांनी १७६७ साली काचेच्या पेटीत ऊन कोंडून उष्णता मोजली. अमेरिकेत १८९१ मध्ये क्लॅरेन्स केम्प यांनी काळ्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवून पाणी तापवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पण त्यांचं पाणी रात्रीतून निवायचं. मग १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी तापवायची पेटी खाली आणि गरम कपड्यात गुंडाळल्यासारखी बंदिस्त टाकी वर, अशी वेगळी मांडणी केली. गरम झालेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं, पंप लागत नाही. आपल्या गच्चीवर टाकी नेहमी पेटीच्या वर का असते, त्याचं कारण हेच.

शेवटी एकच म्हणायचं आहे. पाणी तापवणं हे काम घरातल्या बाईचं, पण ते कशावर तापवायचं याचा निर्णय मात्र बहुतेक घरांत दुसरं कुणी घेतं. का, तर ‘त्यातलं तुला काय कळतंय.’ आता कळतंय. पुढच्या वेळी विक्रेता दारात आला, की चहा जरूर द्या आणि तीन प्रश्न विचारा. लिटर किती, अंश किती आणि काचेचं क्षेत्रफळ किती चौरस मीटर? उत्तरं दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर लिहून घ्या. बाकीचा गुणाकार तुमचा तुम्हाला येतोच.